बोलता येतं, पण कळत नाही: ब्रागामध्ये पोर्तुगीज शिकण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या ओळखीतले सगळे त्या बाईंना वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच.

पार्श्वभूमी

ब्रागा हे पोर्तुगालच्या उत्तरेचं जुनं शहर, पोर्तोहून लोकल गाडीने तासाभराच्या अंतरावर. वहिनींच्या यजमानांना तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि 2022 च्या उन्हाळ्यात तिघं तिकडे गेली: ते दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. यजमानांचं ऑफिस पूर्ण इंग्रजीत चालतं. मुलगा सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गात बसला. वहिनी बी.फार्म., लग्नानंतर अलिबागच्या एका औषध दुकानात अनेक वर्षं काउंटर सांभाळलेला. दुकानात आलेल्या माणसाचा चेहरा बघून त्याला काय विचारायचं हे कळणारी बाई. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात तिचं सगळ्यात जास्त दुखलं ते इथेच.

माहेर रेवदंड्याचं. खाडीपलीकडे कोर्लई, आणि कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतात. त्यामुळे घरच्यांचा सूर असा, की पोर्तुगीज काय, आपल्या उंबऱ्यातलीच भाषा. वहिनींनी तरीही तयारी नीट केली. जायच्या आधी वर्षभर मोबाइलवरच्या एका लोकप्रिय ॲपवर रोज अर्धा तास बसल्या. शब्दसंग्रह चांगला झाला, साधी वाक्यं तोंडात बसली, उच्चार तर फारच छान. नाकातले स्वर मराठी माणसाला जड जात नाहीत, आणि ज्या 'ञ'पाशी इतर देशांतले शिकणारे अडखळतात तो आपल्या बाराखडीतच आहे.

अडचण नेमकी काय होती

ॲप शिकवत होतं ते ब्राझीलचं पोर्तुगीज. ॲपने दुधाला 'लेइची' शिकवलं, ब्रागात ते 'लेइत' निघालं, शेवटचा स्वर जेमतेम. बससाठी ॲपवर 'ओनिबुस', इथे 'आउतुकाऱु'. रेल्वे तिकडे 'त्रेंय', इथे 'कोंबॉयु'. शब्दांचा फरक पाठ करून भरून निघतो. खरा प्रश्न स्वरांचा होता. पोर्तुगालमध्ये आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळून टाकतात: 'तेलेफोनी' शिकलेल्या कानावर 'त्ल्फॉन' आदळतं. शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटचा 'स' इथे 'श' होतो. त्यावर ब्रागा उत्तरेकडचं, म्हणजे बऱ्याच लोकांच्या तोंडी 'व'चा 'ब'. पाववाल्या बाईने 'बिंत सेंतिमुश' म्हटलं आणि वहिनी पर्स उघडून उभ्याच राहिल्या. वीस सेंट मागितले होते. 'वींची' त्यांना झोपेतही कळलं असतं.

पोर्तुगीज लोकांना मात्र ब्राझीलची बोली सहज कळते. ब्राझीलच्या मालिका त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यात, देशातल्या परदेशी लोकांत सगळ्यात मोठी संख्या ब्राझीलच्यांची आहे. म्हणजे वहिनींचं बोलणं समोरच्याला पूर्ण कळायचं, आणि ते सफाईदार असल्यामुळे उत्तरही तितक्याच सफाईने, पूर्ण वेगात यायचं. दोन वाक्यांनंतर त्या हरवायच्या. समोरचा मग इंग्रजीवर यायचा, वयस्कर असला तर फ्रेंचवर. उत्तरेतल्या गावागावांतून साठ-सत्तरच्या दशकांत माणसं फ्रान्सला कामाला गेली होती, त्यामुळे परदेशी दिसला की फ्रेंच काढायची तिथल्या म्हाताऱ्यांना सवय आहे.

नवशिक्यांची नेहमीची तक्रार 'कळतं पण बोलता येत नाही' अशी असते. इथे बरोबर उलट झालं होतं, आणि घरात कुणाला ते ओळखू आलं नाही. यजमानांना वाटायचं, हिला येतं. वहिनींना वाटायचं, आपलीच बुद्धी कमी पडते.

मुलगा दरम्यान सुटला. शाळेतून परदेशी मुलांना भाषेची जादा मदत मिळाली, बाकीचं मधल्या सुट्टीतल्या फुटबॉलने केलं. वर्ष संपायच्या आत तो घरचा दुभाष्या झाला. दुकानात, पोस्टात, घरमालकाशी, शाळेच्या फाटकापाशी. सगळ्यांना कौतुक होतं. मला त्याची काळजी वाटत होती आणि मी ती बोलून दाखवली होती, पण सोयीची गोष्ट सहजासहजी सुटत नाही.

ती सुटली आरोग्य केंद्रात. वहिनींना काही महिने पाळीचा त्रास होता, रक्तस्राव फार. त्या मुलाला घेऊन केंद्रात गेल्या, यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली, नंबर लागला. काउंटरवरच्या बाईने विचारलं, कशासाठी दाखवायचंय. मुलगा मान वर करून म्हणाला, "आई, काय होतंय विचारतायत त्या." आठ वर्षांचा मुलगा, मागे रांग. वहिनी म्हणाल्या, "सांग, डोकं दुखतं."

डोकेदुखीची वेळ मिळाली, डोकेदुखीची गोळी मिळाली. तो डॉक्टर इंग्रजी बोलत होता, पण मुलगा शेजारच्या खुर्चीत होता. खरं दुखणं पुढच्या तपासणीपर्यंत तसंच राहिलं आणि तोवर हिमोग्लोबिन बरंच खाली गेलं होतं.

समोरचे पर्याय

त्या रात्री यजमानांनी मला फोन केला. पुढच्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही एकेक पर्याय बघितला.

पहिला, सरकारचा मोफत अभ्यासक्रम. 'पुर्तुगेश लिंग्व द आकोल्यिमेंतु', म्हणजे स्थलांतरितांच्या स्वागतासाठीचं पोर्तुगीज. 2020 च्या सरकारी आदेशाने त्याला आजचं रूप आलं. सरकारी शाळा आणि रोजगार-प्रशिक्षण केंद्रांत हे वर्ग चालतात. ए1 आणि ए2, म्हणजे भाषेच्या सुरुवातीच्या दोन पातळ्या, मिळून 150 तास, आणि तो पूर्ण केल्याचा दाखला कायम वास्तव्यासाठी आणि नागरिकत्वासाठी भाषेचा पुरावा म्हणून चालतो. वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. अडचण एकच, पुरेशी माणसं जमल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही, आणि यादी लांब होती.

दुसरा, खाजगी संस्था. वर्ग लगेच मिळत होता, फी भरपूर, वेळ संध्याकाळची, आणि तेव्हाच मुलाचं जेवण-अभ्यास.

तिसरा, ऑनलाइन शिक्षक. ब्राझीलचे शिक्षक पुष्कळ आणि स्वस्त, पोर्तुगालचे कमी आणि महाग. वहिनींना ब्राझीलच्या एका बाईंचं शिकवणं फार आवडलं होतं, कारण त्यांचं सगळं कळायचं. मला त्यात धोका दिसत होता. जे आधीच कळतंय तेच ऐकत राहण्याने ब्रागातलं काउंटर कसं कळणार?

चौथा पर्याय यजमानांचा: सरळ 'सिप्ल' परीक्षेची तयारी करायची. लिस्बन विद्यापीठाच्या केंद्राकडून होणारी ए2 पातळीची परीक्षा. वाचन-लेखनाला 45 टक्के, ऐकण्याला 30, बोलण्याला 25, उत्तीर्ण व्हायला 55. पुढेमागे कागद लागणारच आहे, मग लक्ष्य तेच ठेवू, असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअरचा हिशोब म्हणून चुकीचा नव्हता. पण वहिनींचं वाचन आणि बोलणं चांगलं होतं. त्या ऐकण्यात गटांगळ्या खाऊनही कदाचित पास झाल्या असत्या. घरात दाखला आला असता आणि काउंटरवर परिस्थिती तीच राहिली असती.

काय ठरलं आणि का

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरली, आणि ती भाषा शिकण्याबद्दल नव्हती. मुलगा दवाखान्यात, बँकेत आणि सरकारी कचेरीत दुभाष्या म्हणून जाणार नाही. दुकानात बोलला तर बोलू दे, ते त्याचं शिकणं आहे. आईचं शरीर आणि घरचे पैसे यांची भाषा त्याने वाहायची नाही. गरज पडली तर स्थलांतरितांसाठीची फोनवरच्या दुभाष्याची सरकारी सोय वापरायची किंवा आमच्यातल्या एखाद्या बाईने सोबत जायचं.

दुसरा निर्णय ॲपचा. यावर वाद झाला. वर्षभराची मेहनत, रोजचा नेम, आणि "झालेलं फुकट का घालवायचं?" हा यजमानांचा प्रश्न. मी म्हटलं, बोलणं बदलू नका. ब्राझीलच्या वळणाने बोललेलं इथे सगळ्यांना चालतं, त्यात कमीपणा काही नाही, आणि दोन बोलींची खिचडी करायला गेलात तर तोंडही अडखळेल. बदलायचा तो कान. म्हणून ॲप बंद, आणि तो अर्धा तास फक्त पोर्तुगालचं ऐकायला. इथे एक स्थानिक अडचण आहे: पोर्तुगालमध्ये परदेशी सिनेमे-मालिका भाषांतरित आवाजात नाही, खाली मजकूर देऊन दाखवतात. टीव्ही लावून बसलं की अर्धा वेळ इंग्रजीच ऐकू येतं. लहान मुलांची कार्टून मात्र पोर्तुगीज आवाजात असतात. सरकारी वाहिनीचे मुलांचे कार्यक्रम वहिनी मुलाबरोबर बघू लागल्या. तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा, मजकुराशिवाय.

मोफत वर्गाच्या यादीत नाव घातलं. तोवर ब्रागातल्याच एका निवृत्त शिक्षिकेकडे आठवड्यातून एक तास. त्या तासात वहिनींनी कमीत कमी बोलायचं. बाईंनी बातमी सांगायची, वहिनींनी ऐकलेलं तुटक का होईना तसंच म्हणून दाखवायचं, आणि गिळलेला स्वर कुठे होता ते शोधायचं. पहिल्या तासांतच कळलं की त्यांचा कान शब्दाचा शेवट शोधतो, आणि इथे शेवटच खाल्लेला असतो. आघात कुठे पडतो तिथे कान लावायला शिकायचं होतं.

शिक्षिकाबाईंनी संबोधनही सुधारलं. ॲपने सर्वांना 'व्होसे' म्हणायला शिकवलं होतं. ब्राझीलमध्ये ते चालतं. पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना ते कोरडं, प्रसंगी उद्धट वाटतं. तिथे बाईंना 'अ स्ञोरा' म्हणायचं किंवा नाव घेऊन तृतीय पुरुषात विचारायचं. वहिनींना समजवायला वेळ लागला नाही. "काकू चहा घेणार ना?" असं आपण काकूंनाच विचारतो, तसंच हे. शेजारच्या आजी इतके दिवस तुटक का वागत होत्या त्याचाही उलगडा झाला.

पत्त्यांचं टेबल

शेजारच्या त्या आजींमुळेच पुढचा निर्णय झाला, आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं.

आजी रोज वृद्धांच्या दिवसकेंद्रात जायच्या. सकाळी गाडी नेते, दुपारचं जेवण, संध्याकाळी घरी. तिथे दुपारी हात देणारं माणूस हवं होतं. वहिनींना विचारलं. पगार नव्हता. यजमानांचं मत पडलं, की फुकट राबण्यापेक्षा तोच वेळ अभ्यासाला दे. वहिनींनी आठवड्यातून दोन दुपारी द्यायचं ठरवलं.

केंद्रात जेवण झालं की 'स्वेका' सुरू व्हायचा. चाळीस पानांचा खेळ, अठ्ठे, नव्वे, दहिले काढून टाकलेले. चौघं खेळतात, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला दहा पानं, एक हुकूम. एक्क्याखालोखाल सत्तीला मान, राजापेक्षा जास्त, आणि गुलाम राणीच्या वर. एकूण 120 गुण, जिंकायला साठाच्या वर हवेत. डाव चालू असताना बोलायचं नाही, भिडूला खूण तर मुळीच नाही. डाव संपला की मात्र सगळे एकदम सुटतात. तू सत्ती आधी का टाकलीस, त्याच्याकडे बदाम होते तरी त्याने हुकूम मारला, मी आधीच म्हणत होतो. रंगाचं पान असून न टाकणं हा मोठा गुन्हा, त्यावर तर दुपार संपते.

वहिनी चौथा भिडू म्हणून बसू लागल्या. घडलेलं टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं असायचं, आणि मग तेच टेबलाभोवतीची चार म्हातारी माणसं चार तऱ्हेने सांगायची. एकाचे दात नाहीत, एक घुम्या, एक जन्मभर बाजारात ओरडलेली बाई, एक आजी स्पष्ट बोलणाऱ्या. पहिल्याचं सुटलं तर चौथ्यात सापडायचं. अर्थ आधीच ठाऊक, फक्त आवाज पकडायचा. इतकी नेमकी कानाची तालीम कुठल्याही वर्गात मी पाहिलेली नाही. शिवाय म्हातारी माणसं इंग्रजीवर जात नाहीत. त्यांना येतच नाही.

आणखी एक झालं. पानं वाटताना त्या माणसांच्या गोळ्यांच्या डब्या टेबलावर असायच्या. औषधांची शास्त्रीय नावं इकडेतिकडे थोड्या फरकाने तीच. वहिनी डबी बघून विचारू लागल्या: सकाळची घेतली का, चक्कर येते का, पाय सुजतात का. प्रश्न विचारणारी बाई पुन्हा जागी झाली. उत्तरं कळायलाच हवीत अशी ती पहिली संभाषणं.

परिणाम

2024 च्या सुरुवातीला मोफत वर्ग मिळाला. नेपाळी, युक्रेनी, मोरोक्कन, एक पंजाबी ड्रायव्हर. संध्याकाळी सात ते दहा, आठवड्यातून अनेक दिवस. यजमानांनी त्या वेळी स्वयंपाक हातात घेतला, नाहीतर हजेरी भरलीच नसती. लिहिण्यात वहिनींचे गुण कापले जायचे. घाईत क्रियापद वाक्याच्या शेवटी जायचं, मराठीसारखं. कोर्लईच्या बोलीतही पोर्तुगीजचं क्रियापद मराठीच्या सहवासात शेवटी जाऊन बसलं आहे. माहेरच्या खाडीपलीकडे शेकडो वर्षांपूर्वी घडलेलं वहिनींच्या वहीत लाल शाईत उमटत होतं. ए2 चा दाखला त्याच वर्षी मिळाला.

त्याआधीच त्या आरोग्य केंद्रात एकट्या जाऊन आल्या होत्या. काउंटरवर आधी सांगितलं, "श्तो आप्रेंदेर, माइश द्वगार, प्र फावोर." शिकतेय, जरा सावकाश. मग काय होतंय ते स्वतःच्या तोंडाने. काउंटरवरच्या बाईने आवाज खाली आणून दोन प्रश्न विचारले, वहिनींना दोन्ही कळले. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळाली. लोहाच्या गोळ्या आणि उपचार होऊन आता तब्येत ठीक आहे.

सगळं साधलं असं नाही. फोनवर अजून अडतं, कारण फोनवर ना चेहरा असतो ना पत्त्याचं पान. दिवसकेंद्राने पुढे अर्धवेळ पगारी काम दिलं, पण ते मदतनिसाचं. औषधांना हात लावायची परवानगी नाही. यजमानांनी 'सिप्ल' दिली, पास झाले, आणि आजही पाव आणायला वहिनींनाच पाठवतात.

वेगळं काय करता आलं असतं

निघण्याआधीचं वर्ष ब्राझीलच्या ॲपवर गेलं याबद्दल वहिनींना हळहळ आहे. मला तितकीशी नाही. बोलायचं धाडस तिथेच आलं. पण शेवटचे दोन-तीन महिने तरी पोर्तुगालच्या रेडिओला द्यायला हवे होते. तो इंटरनेटवर फुकट ऐकता येतो आणि अलिबागमध्ये बसूनही कळलं असतं की आपण जे शिकलो ते तिथे वेगळं ऐकू येतं.

मोफत वर्गाच्या यादीत नाव उशिरा गेलं, ही खरी हानी. कागदपत्रं हातात आली त्याच आठवड्यात नाव घालायला हवं होतं. यादी लांब असते हे माहीत असूनही 'आधी घर लावू' म्हणून थांबले. स्थलांतरितांच्या स्थानिक मदत केंद्रात एक फेरी मारली असती तर फोनवरच्या दुभाष्याबद्दलही आधीच कळलं असतं आणि डोकेदुखीचं खोटं सांगावं लागलं नसतं.

मुलाबद्दलचा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता. लागलेली सवय मोडायला फार जड गेलं, मुलाला आणि आईला दोघांनाही; मुलाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं सांगितलं. त्याला नीट समजावून सांगायला यजमानांनी एक सबंध शनिवार दिला.

पगाराविना केलेल्या कामाबद्दल मी सरसकट सल्ला देणार नाही. 'भाषा शिकायला मिळेल' असं सांगून परदेशी बायकांकडून फुकट राबवून घेणारी ठिकाणंही असतात. इथे दोनच दुपारी होत्या, काम ठरलेलं होतं, बसून बोलणं हा त्या कामाचाच भाग होता, आणि जमत नसेल तर सोडायची मोकळीक होती. या चारही गोष्टी आधी विचारून घेतल्या होत्या.

सध्या वहिनी पुढच्या पातळीच्या, बी1 च्या वर्गाच्या यादीत आहेत आणि फार्मसीच्या पदवीला मान्यता मिळवायची कागदपत्रं गोळा करताहेत. त्या प्रकरणाचा पल्ला लांबचा आहे, आणि त्यात फोन बरेच करावे लागणार आहेत. म्हणून शिक्षिकाबाईंनी आता तासाची पद्धत बदलली आहे: दोघी एकाच इमारतीत वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि तासभर फोनवर बोलतात.